जडसंग्रह

सरकारी मराठीने पुष्कळ साध्या शब्दांचे प्राण घेतले असले, तरी एक शब्द तिने मोठा मार्मिक घडवला आहे. तो शब्द म्हणजे ‘जडसंग्रह’. शाळेत किंवा कचेरीत खडू, शाई, कागद यांसारख्या ज्या वस्तू वापरून संपतात, त्यांची वही निराळी. ज्या वस्तू माणसे बदलली तरी जागच्या हलत नाहीत, त्या टेबल, खुर्च्या, बाके, कपाटे, घड्याळे, नकाशे या साऱ्यांची नोंद ज्या जाड वहीत होते, ती जडसंग्रह नोंदवही. आणि यांतली एखादी वस्तू मोडली, निरुपयोगी झाली, म्हणजे तिचे होते ‘निर्लेखन’. निर्लेखन म्हणजे वस्तू नाहीशी करणे नव्हे. ती वहीतून नाहीशी करणे, एवढेच. वस्तूचे पुढे काय होते, ते वहीला ठाऊक नसते.

हे सारे शिकण्याची वेळ माझ्यावर आमच्या शाळेचे बिऱ्हाड हलले तेव्हा आली. जुनी इमारत कौलारू, भिंतींना ओल, पावसाळ्यात फळ्यावरचा खडू उठू नये अशी. नवी इमारत पक्की, स्लॅबची. जुने सामान नव्या जागी मावण्यासारखे नव्हते आणि सारे न्यावे अशा योग्यतेचेही नव्हते. शाळासमितीने ठराव केला आणि ‘लिहिण्याचा हात आहे’ एवढ्या पुण्याईवर यादी करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला बाकांची यादी करायला लावणे हा काव्यगत न्यायच म्हणायचा!

आमचे भुईगाव वसईच्या पश्चिम पट्टीत, समुद्राला लागून. एकीकडे सुरूचे बन, दुसरीकडे वाड्या आणि बावखळे. इथे नको झालेल्या वस्तूची वाट ठरलेली असते. लाकूड असेल तर चुलीत किंवा शेकोटीत, लोखंड असेल तर भंगारवाल्याकडे, आणि यांपैकी काहीच नसेल तर रात्रीच्या अंधारात कुठल्या तरी खड्ड्यात. कित्येक बावखळे अशीच भरून गेली. ज्या खळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केळी आणि पानमळे जगवले, त्यांच्या पोटात मोडक्या खुर्च्या गेल्या. आमच्या बाकांना ती गत येऊ नये, एवढाच माझा प्रथम हेतू होता.

यादीत शेवटी एक लोखंडी कपाट होते. तळाशी गंजलेले, एक पाय मोडलेला, आणि किल्ली मी नोकरीला लागण्याच्या आधीच हरवलेली. मी लिहिले : ‘लोखंडी कपाट, मोठे, गंजलेले, नग १.’ कपाट उघडून पाहावे हे मला सुचले नाही. रीतसर मूल्यांकन झाले, रीतसर लिलाव झाला, आणि एका भंगारवाल्याने इतर लोखंडाबरोबर ते उचलून नेले.

तिसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन शाळेच्या दारात उभा. हातात सुतळीने बांधलेले एक गाठोडे.

“मास्तर, कुलूप तोडलं तेव्हा हे आत निघालं. रद्दीत घातलं असतं तर चहापाण्यापुरते पैसे सुटले असते. पण वर नावं दिसली, तारखा दिसल्या. म्हटलं, विचारून यावं.”

मी सुतळी सोडली. आत शाळेची जुनी जनरल रजिस्टरे होती. विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख, शाळेत आल्याचा आणि गेल्याचा दिवस, हे सारे जिच्यात लिहिले जाते ती वही. माझे हातपाय गार पडले.

शाळेबाहेरच्या माणसाला या वहीची किंमत चटकन कळायची नाही, म्हणून थोडे सांगतो. आपल्या महाराष्ट्रात जातीचा दाखला मागणाऱ्याला एका ठराविक दिवसापूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी तो दिवस १० ऑगस्ट १९५० हा, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्याच्याकडे सातबारा नाही, सनद नाही, त्याच्याजवळ असा पुरावा कोठून असणार? आजोबा दोन इयत्ता शिकले असतील, तर शाळेच्या रजिस्टरातली ती एक ओळ, हीच त्यांची सनद. त्याच ओळीसाठी एक गृहस्थ दोन वर्षे शाळेत खेटे घालत होते. त्यांच्या मुलीचे कॉलेज अडले होते. ‘त्या सालची वही सापडत नाही,’ असे उत्तर मीच त्यांना दोनदा दिले होते. ती वही माझ्या पाठीमागे, चार हातांवर, कुलपात होती. आणि तिसऱ्या खेपेला मी ती लिलावातच काढली होती.

त्या गृहस्थांना दाखला मिळाला. भंगारवाल्याला मी काही देऊ लागलो, ते त्याने घेतले नाही. पण तेव्हापासून एक विचार मनातून जाईना. ठाणे हलते, तेव्हा मागे काय राहते? आणि मागे राहिलेल्याचे उत्तरदायित्व कोणाचे? इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला लांब जावे लागले नाही. भुईगावाहून दीड-दोन तासांच्या चालीवर वसईचा किल्ला आहे. आमच्या मुलखातले सर्वांत मोठे बिऱ्हाड तेथूनच हलले.

गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षे ही त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती. किल्ल्याच्या तटात नुसती शिबंदी नव्हती. न्यायकचेरी होती, तुरुंग होता, धर्मपंथांचे मठ होते, चर्चे होती, अमीरउमरावांची दुमजली घरे होती. १७३७ साली चिमाजी अप्पांची मोहीम सुरू झाली. ठाणे पडले, साष्टी गेली, आणि १७३९ च्या मे महिन्यात सुरुंगांनी वसईचा तट फुटला. १६ मे १७३९ रोजी तहाची कलमे ठरली, आणि २३ मे रोजी पोर्तुगीजांनी वसई सोडली. दोनशे वर्षांचा संसार आवरायला आठ दिवस!

त्या तहाची कलमे एखाद्या शाळामास्तराच्या नजरेने वाचून पाहावी. शिबंदीने हत्यारांसह, नगारे वाजवीत, निशाणे फडकवीत बाहेर पडावे. शिपायांनी आणि रहिवाशांनी आपली जंगम मालमत्ता बरोबर न्यावी. जे ख्रिस्ती मागे राहतील, त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी आणि त्यांच्यासाठी तीन चर्चे राखावी. म्हणजे काय न्यायचे, काय ठेवायचे आणि ठेवलेले कोणाच्या उपयोगासाठी, याची ती एक यादीच आहे. रक्तपातानंतर शत्रूशी केलेली यादी. आम्ही गावातल्या गावात, शांततेच्या काळात, तेवढीही नीट करू शकलो नाही.

पण यादीत सारेच येत नसते. वसईच्या सामानाला तीन वाटा फुटल्या. पहिली वाट वेढा चालू असतानाच फुटली होती. दारूगोळ्याला पैसा नव्हता. मुंबईकर इंग्रजांकडे याचना झाली. त्यांनी बरेच आढेवेढे घेऊन पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले, पण तारण काय घेतले? वसईच्या चर्चमधली चांदीची भांडी आणि तटावरून उतरवलेल्या काही पितळी तोफा! ही हकीकत इंग्रज इतिहासकार ग्रँट डफ यानेच लिहून ठेवली आहे. बुडत्या घराचे सामान शेजारी किती स्वस्तात घेतो, याचा हा चांगला दाखला आहे.

दुसरी वाट गलबतांची. उचलता येण्यासारखे जे होते, ते मुंबईच्या दिशेने गेले. तिसरी वाट घंटांची.

घंटा का राहिल्या, याविषयी माझा आपला एक तर्क आहे. मे महिना संपत आला होता, पावसाळा तोंडावर होता, आणि शेकडो किलो वजनाची घंटा मनोऱ्यावरून उतरवून गलबतावर चढवणे हे आठ दिवसांत माणसे हलवणाऱ्याचे काम नव्हे. कारण काही असो, मराठ्यांच्या हाती वसईच्या नि आसपासच्या चर्चांच्या घंटा लागल्या, आणि येथून पुढे जे घडले ते जगाच्या रीतीहून थोडे निराळे आहे.

जगाची रीत अशी, की घंटा आणि तोफ या सख्ख्या बहिणी. दोघींच्या अंगात तांबे आणि कथील. घंटेत कथील थोडे अधिक, तोफेत कमी, एवढाच फरक. त्यामुळे युद्ध आले, की घंटा वितळतात आणि तोफा ओतल्या जातात. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत घंटांची नाणी आणि तोफा झाल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी युरोपातल्या चर्चांतून सुमारे पावणेदोन लाख घंटा उतरवल्या, त्यांपैकी दीड लाखाच्या आसपास परत आल्याच नाहीत. १७३९ साली मराठ्यांनाही तोफा हव्याच होत्या. तरी वसईच्या कित्येक घंटा भट्टीत गेल्या नाहीत. त्या डोंगर चढून, नद्या ओलांडून देशावर गेल्या आणि देवळांपुढे टांगल्या गेल्या.

नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी ते १७४७ साली बांधले. त्याच्या दर्शनी बाजूला जी प्रचंड घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. नाशिककरांनी तिला इतके आपलेसे केले, की मोठ्या आवाजात अखंड बोलणाऱ्या माणसाला तिथे ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. गोदावरीला पूर आला, की पाणी घंटेपर्यंत पोहोचले का, याची चौकशी घरोघर होते. भीमाशंकरच्या देवळापुढेही अशी एक घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर, दगडी मंडपीत टांगलेल्या घंटेवर १७०७ हा आकडा आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. वसईचे फादर फ्रान्सिस कोरिया यांनी देवळादेवळांतून हिंडून अशा घंटांचा शोध घेतला. हे काम एखाद्या सरकारी खात्याने करायचे, ते एका धर्मगुरूने केले.

मेणवलीच्या घंटेपाशी मी मागे एकदा गेलो होतो. तेव्हा एक हिशेब सुचला तो असा. मेणवली हे गाव नाना फडणीसांना १७६८ च्या सुमारास इनाम मिळाले. वाडा, घाट, देऊळ हे त्यानंतरचे. वसई सुटली १७३९ साली, तेव्हा नानांचा जन्मही झाला नव्हता. तो १७४२ चा. म्हणजे ही घंटा वसईची असेल, तर किमान तीस वर्षे ती दुसरीकडे कुठे तरी असली पाहिजे. एखाद्या देवळापुढे, नाही तर एखाद्या कोठारात, गवताच्या भाऱ्याआड. त्या तीस वर्षांत तिला कोणीही धातूच्या भावाने काढू शकला असता. कोणी तरी काढले नाही. त्या माणसाचे नाव इतिहासात नाही. मला मात्र सुतळीने बांधलेले गाठोडे घेऊन दारात उभा राहिलेला भंगारवाला आठवतो.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, लुटीला तुम्ही सत्कृत्य ठरवता काय? तसे नाही. लूट ती लूटच. वसईच्या ज्या गावांत ख्रिस्ती घरे मागे राहिली, त्यांच्या दृष्टीने तो मनोरा मुका झाला, हे विसरून चालणार नाही. पहाटेच्या ज्या नादावर बाप्तिस्म्यापासून प्रेतयात्रेपर्यंत सारे आयुष्य चालले होते, तो नाद एका उन्हाळ्यात घाट चढून गेला. आमच्या गावात वाडीला वाडी लागून दोन्ही धर्मांची घरे आहेत, म्हणून ही गोष्ट मला एका बाजूने सांगता येत नाही. मी म्हणतो ते एवढेच, की हिसकावून घेतलेली वस्तूसुद्धा घेणाऱ्याने ज्या कामासाठी ती घडली त्याच कामाला लावली, मोडली नाही, वितळवली नाही, तिच्यावरची मरियेची आकृती घासून टाकली नाही. म्हणून आज आपण ते साल वाचू शकतो, आणि ती कोणाची होती हे सांगू शकतो. वस्तू जगली तर तिच्याविषयीचा न्यायही उद्या करता येतो. वितळलेल्या घंटेविषयी भांडताही येत नाही.

पोर्तुगीजांनी मागे ठेवलेले आणखी एक सामान आहे. ते कोणाला दिसत नाही, कारण ते आपण रोज तोंडात घेऊन हिंडतो. मी यादी करीत होतो ती कशाची? अलमारीची. ती उघडत का नव्हती? चावी हरवली म्हणून. मग तिचे काय केले? लिलाव. आणि हे काम मी का केले? पगार मिळतो म्हणून! अलमारी, चावी, लिलाव, पगार हे चारही शब्द पोर्तुगीजांचे. ज्या अधिकाऱ्यांनी ते इथे आणले, ते नगारे वाजवीत निघून गेले. शब्द मात्र कचेरीत राहिले, आणि ज्यांनी त्यांना हाकलले त्यांच्याच कारभारात रुजू झाले. त्यांच्या शेजारी फारसीचे ‘दप्तर’ बसले आहे, अरबीतून आलेली ‘खुर्ची’ आहे, इंग्रजीचे ‘टेबल’ आहे. आमची जडसंग्रह नोंदवही उघडली, की या किनाऱ्यावर कोण कोण राज्य करून गेले त्याची हजेरी एका पानावर लागते.

पेशव्यांच्या कचेरीत खुर्ची-टेबलाचा थाट नव्हता. गादी, तक्क्या, कलमदान आणि कागदांचे रुमाल, एवढ्यावर अर्ध्या हिंदुस्थानचा हिशेब होत असे. १८१८ साली त्यांचेही ठाणे उठले. गाद्या-तक्के कुठे गेले कोण जाणे! पण रुमालांत बांधलेले दप्तर इंग्रजांनी ताब्यात घेतले आणि सांभाळले. तेही काही इतिहासप्रेमाने नव्हे. जमिनीचा सारा वसूल करायचा, इनामांची चौकशी करायची, तर जुना कागद हवाच होता. हेतू स्वार्थाचा, पण फळ असे, की १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांनी त्याच दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून काढले. वसईच्या मोहिमेविषयी आपल्याला जे बारकावे ठाऊक आहेत, त्यांतले पुष्कळसे अशा कागदांतले. ज्यांनी पेशवाई बुडवली, त्यांच्याच कोठारात पेशवाई शिल्लक राहिली.

आता आपल्या काळाकडे वळू. गेल्या वीस वर्षांत या पट्टीत जितकी ठाणी हलली, तितकी मागच्या शंभर वर्षांत हलली नसतील. २००९ साली विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा तोडून पालघर जिल्हा झाला. आठ तालुक्यांची जिल्हा कचेरी नव्याने मांडली गेली, आणि २०२१ साली ती कोळगावच्या नव्या संकुलात गेली. हे बदल इष्ट की अनिष्ट, यावर गावागावांत पुष्कळ भांडणे झाली. ती येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. पण प्रत्येक वेळी कुठे ना कुठे एक टेबल दारातून तिरके करून बाहेर काढले गेले असेल, एक कपाट उघडत नसेल, आणि माझ्यासारखाच एखादा मास्तर किंवा कारकून ‘नग १’ असे लिहून मोकळा झाला असेल.

म्हणून, ठेच लागल्यावर आलेले शहाणपण येथे लिहून ठेवतो. सामान काढायचे ठरले, की आधी प्रत्येक खण, प्रत्येक कपाट उघडावे. किल्ली नसेल तर किल्लीवाला बोलवावा, त्याची मजुरी वहीपेक्षा जास्त होत नाही. कागद प्रथम, लाकूड नंतर. मग सामानाचे चार ढीग करावे. वापरण्याजोगे, दुरुस्तीजोगे, मोडून दुसरे काही करण्याजोगे, आणि खरोखर टाकाऊ. आम्ही पहिला ढीग गावातल्या बालवाडीला आणि वाचनालयाला रीतसर पावती घेऊन दिला. दुसऱ्या ढिगात जुन्या सागवानाची बाके होती. वर शाईचे डाग आणि करकटकाने कोरलेली नावे, पण रंधा मारल्यावर आत लाकूड सोन्यासारखे निघाले. सुताराने तीन मोडक्या बाकांतून दोन धड करून दिली. अशा लाकडाला मुंबईत जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात गिऱ्हाईक असते, हे आपल्याकडे शेकोटी पेटवणाऱ्याला ठाऊक नसते. तिसऱ्या ढिगाचे फळ्या, मांडण्या आणि बागेचे कुंपण झाले. चौथ्यातले लोखंड त्याच भंगारवाल्याला दिले. संगणक आणि त्यांच्या तारा मात्र भंगारात देता येत नाहीत. २०२२ च्या नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावे लागतात, कारण तारा जाळून तांबे काढण्याचा धूर शेवटी आपल्याच वाडीत येतो. एवढे सारे करायला तीन आठवडे लागले. लिलावाने दोन दिवसांत आटोपले असते.

यादीत सर्वांत शेवटी राहिली ती शाळेची घंटा. पितळेचा जाड टोल आणि लाकडी हातोडा. नव्या इमारतीत विजेची घंटा बसली होती, तेव्हा समितीतल्या एकाने विचारले, “पितळेला भाव बरा आहे. काढायची का?” प्रश्न गैर नव्हता. पैशांची शाळेला गरज होतीच. मी नाशिकची आणि मेणवलीची गोष्ट सांगितली. थोडी लांबलीच असावी, कारण मध्येच कोणीतरी म्हणाले, “गुरुजी, तुम्हीच आमची नारोशंकराची घंटा!” सारे हसले, आणि विषय मतास न जाता मिटला.

पावसाळ्यात इकडे वीज जातेच. त्या दिवशी शिपाई हातोडा घेतो, आणि तो नाद सुरूच्या बनापर्यंत जातो. नोंदवहीत त्या ओळीपुढे मी शेरा लिहिला आहे : ‘घंटा, पितळी, नग १. वापरात.’